उजव्या स्टिअरिंगची डेलिका आणि ऑन्टारिओचा इन्शुरन्स : एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी ऑन्टारिओत गाड्यांच्या आणि घरांच्या इन्शुरन्सची ब्रोकर आहे. हे प्रकरण ग्रेटर टोरंटोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि रकमा शंभराच्या आकड्यात गोल केल्या आहेत.

नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, दोन मुलं प्राथमिक शाळेत. दोघांकडे ऑन्टारिओचं पूर्ण 'जी' लायसन्स, आणि दोघांच्याही नावावर आजवर एकही क्लेम नाही. दारात एक जुनी मिनीव्हॅन होती, तिचा प्रीमियम वर्षाला २,२०० डॉलर. उन्हाळ्यात तंबू बांधून अल्गॉन्क्विन पार्कला जायचं ही घराची जुनी हौस, आणि त्यातूनच गृहस्थांचं मन मित्सुबिशीच्या डेलिका स्पेस गिअरवर बसलं. १९९७ची, २.८ लिटर टर्बो डिझेल, फोर व्हील ड्राइव्ह, आणि जपानमधून आलेली असल्यामुळे स्टिअरिंग उजवीकडे.

अशा गाड्या कॅनडात इतक्या दिसतात त्याला कारण आहे. १५ वर्षं पूर्ण झालेल्या परदेशी गाडीला इथल्या केंद्रीय सुरक्षा मानकांतून सूट मिळते; गाडी बनल्याचा महिना धरून हे वय मोजतात. शेजारी अमेरिकेत हीच अट २५ वर्षांची आहे. जपानमध्ये खासगी गाडीला 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी असते, नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी. गाडी जुनी होते तसा हा खर्च मालकांना नकोसा वाटू लागतो, आणि बऱ्या स्थितीतल्या गाड्या लिलावात स्वस्तात जातात. त्या तिथून जहाजानं इथे येतात. म्हणजे आयात कायदेशीर आहे आणि कागदपत्रंही फार अवघड नाहीत. लोक इथेच फसतात. सरकारनं आत येऊ दिलेली गाडी इन्शुरन्स कंपनीही घेणारच, असं त्यांना वाटतं.

या गृहस्थांनाही तसंच वाटलं होतं. गाडी, जहाजभाडं, कर असं सगळं धरून साधारण १५,००० डॉलर लागणार होते. त्यातला मोठा भाग आयात करून देणाऱ्या व्यापाऱ्याला देऊन झाला, आणि मग त्यांनी इन्शुरन्सची चौकशी सुरू केली.

अडचण

जुन्या मिनीव्हॅनचा इन्शुरन्स ज्या कंपनीत होता तिथे त्यांनी आधी फोन केला. तिथल्या मुलीनं सतरा अंकी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, विचारला. उत्तर अमेरिकेत १९८१ पासूनच्या गाड्यांना असा सतरा अंकी क्रमांक असतो. जपानच्या देशांतर्गत बाजारातल्या गाडीला तो नसतो. तिच्यावर चासी नंबर असतो, म्हणजे आधी बांधणी आणि इंजिन सांगणारा छोटा कोड आणि पुढे काही आकडे. सिस्टिमनं तो स्वीकारला नाही. मुलीनं वरिष्ठांना विचारलं आणि दुसऱ्या दिवशी नकार कळवला. आणखी दोन कंपन्यांनीही उजवं स्टिअरिंग ऐकून नकारच दिला.

त्यानंतर ते माझ्याकडे आले. पहिलंच वाक्य होतं, "ताई, मी पुण्यात इतकी वर्षं उजव्या बाजूला बसूनच गाडी चालवलीय. माझ्यासारख्याला तर यांनी सूट द्यायला हवी!"

हा मुद्दा मी मराठी लोकांकडून वारंवार ऐकते आणि तो मनापासून मांडलेला असतो, म्हणून त्यावर जरा थांबते. पुण्यात आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं जातो आणि गाडीत उजवीकडे बसतो. म्हणजे चालक रस्त्याच्या मध्याजवळ असतो आणि समोरून येणारं सगळं त्याला नीट दिसतं. कॅनडात गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं जाते. त्याच गाडीत त्याच सीटवर बसलेला माणूस आता फुटपाथच्या कडेला गेलेला असतो. हाताला गिअरची सवय असेल, पण डोळ्यांची जागा पूर्ण बदललेली असते. पुण्याचा अनुभव इथे अर्धाच कामाला येतो, आणि कामाला न येणारा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

दोन प्रसंग विशेष धोक्याचे. पहिला म्हणजे चौकात डावीकडे वळणं. समोरूनही कोणी डावीकडे वळायला थांबलेलं असतं, आणि त्याच्या गाडीमागून सरळ येणारी गाडी उजवीकडच्या सीटवरून दिसायला आणखी उशीर होतो. दुसरा, दुपदरी रस्त्यावर ट्रकला ओलांडणं. पुढचं दिसावं म्हणून गाडीचा बराचसा भाग समोरच्या लेनमध्ये न्यावा लागतो. ब्रिटिश कोलंबियात अशा गाड्या भरपूर आहेत. तिथल्या सरकारी इन्शुरन्स महामंडळानं, आयसीबीसीनं, केलेल्या प्राथमिक अभ्यासात उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांचा स्वतःच्या चुकीनं अपघात होण्याचा धोका डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांपेक्षा ४० टक्क्यांहून अधिक वाढलेला आढळला होता. क्वेबेकनं तर २५ वर्षांखालच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांना रस्ताच बंद केला आहे. कंपन्या जो संकोच दाखवतात तो हवेतून आलेला नाही.

दरम्यान गाडी व्यापाऱ्याच्या आवारात उभी होती. इन्शुरन्सचा पुरावा नसेल तर प्लेट मिळत नाही आणि प्लेटशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आठवड्याभरानंतर आवाराचं भाडं सुरू होणार होतं. निर्णय घाईत घ्यायची वेळ आली होती, आणि ही घाई त्यांच्यावर कंपनीनं आणली नव्हती. पैसे आधी भरल्यामुळे ती आली होती.

प्रीमियम नेमका कुठे वाढतो

गृहस्थांचा समज असा होता की स्टिअरिंग उजवीकडे आहे म्हणून कंपनी एक ठरावीक दंड लावते. प्रत्यक्षात ऑन्टारिओची पॉलिसी अनेक तुकड्यांची बनलेली असते आणि प्रत्येक तुकड्याचं गणित वेगळं असतं.

थर्ड पार्टी म्हणजे दुसऱ्याला झालेल्या इजेची आणि नुकसानीची जबाबदारी. कायद्यानं किमान २ लाख डॉलर, पण बहुतेक लोक १० किंवा २० लाखांचं संरक्षण घेतात. इथे उजव्या स्टिअरिंगचा प्रश्न खरा आहे, कारण धोका समोरच्याला आहे. स्वतःच्या इजेसाठीचे अपघाती लाभ हा दुसरा भाग. १९९७च्या व्हॅनमध्ये आजच्या गाडीइतक्या एअरबॅग नसतात, आणि ते इथे मोजलं जातं. तिसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा, आणि खरी अडचण तिथे होती.

इथल्या बहुतेक कंपन्या गाडीच्या मेक-मॉडेलचा दर 'क्लिअर' नावाच्या पद्धतीनं ठरवतात. त्या मॉडेलच्या गाड्यांचे प्रत्यक्षात किती क्लेम आले, किती पैसे गेले, यावरून मॉडेलला क्रमांक मिळतो. होंडा सिव्हिकसारख्या गाड्यांच्या क्लेमचा ढीगभर इतिहास असतो. डेलिका इथे कधी विकलीच गेली नाही. मित्सुबिशीनं कॅनडात दुकान उघडलं तेच २००२ मध्ये. या गाडीला इथे इतिहास नाही. इतिहास नसला की कंपनी किमतीवरून अंदाज बांधते आणि अंदाज सावधपणे चढाच ठेवते. दरवाजा, काच, हेडलाइट मिळायला किती दिवस आणि किती डॉलर लागतील हेही तिला ठाऊक नसतं.

एकंदरीत या कुटुंबाला येणाऱ्या आकड्यात स्टिअरिंगच्या बाजूचा वाटा कमी आणि 'या गाडीबद्दल आम्हाला काही माहीत नाही' याचा वाटा जास्त होता. हे समजल्यावर आमच्या कामाची दिशा ठरली. स्टिअरिंग हलवता येत नाही, पण अज्ञान कमी करता येतं.

समोर आलेले पर्याय

सगळ्यात आधी आला तो एका मित्राचा सल्ला. त्याच्या ओळखीतल्या कोणीतरी ऑनलाइन फॉर्ममध्ये त्याच वर्षाची मित्सुबिशीची दुसरी गाडी, अमेरिकेत विकली गेलेली मॉन्टेरो, निवडली होती. चासी नंबरपुढे शून्यं भरून सतरा अंक केले होते आणि प्रीमियम निम्म्यावर आला होता. "तसं चालत असेल तर तुम्हीच टाका ना," गृहस्थ म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. फॉर्ममध्ये डेलिका नाही म्हणून जवळची गाडी निवडली, इतकंच त्यांना वाटत होतं.

मी त्यांना ऑन्टारिओच्या इन्शुरन्स कायद्याचं कलम २३३ दाखवलं. अर्जात गाडीचे खोटे तपशील दिले आणि त्यानं कंपनीचं नुकसान झालं, किंवा विचारलेली गोष्ट जाणूनबुजून चुकीची सांगितली अथवा लपवली, तर क्लेम अवैध ठरतो आणि भरपाईचा हक्क जातो. कायद्यानं ठरलेले अपघाती लाभ तेवढे वाचतात. दुसऱ्या कोणाला तुमच्या गाडीनं इजा झाली तर कंपनीला त्या त्रयस्थ माणसाला किमान मर्यादेपर्यंत पैसे द्यावे लागू शकतात, आणि मग ते पैसे ती तुमच्याकडून वसूल करू शकते. मी पत्नीकडे वळून सांगितलं, "समजा डावीकडे वळताना मोटरसायकलवाल्याला धक्का लागला आणि त्याचा दावा ८ लाखांचा निघाला. तुमची पॉलिसी कागदावर १० लाखांची आहे. पण गाडी मॉन्टेरो नाही." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, हे नकोच." तो पर्याय तिथे संपला.

दुसरा पर्याय हौशी लोकांच्या जुन्या गाड्यांसाठी असलेली पॉलिसी. सहसा २५ वर्षं ओलांडलेल्या गाड्यांना ती मिळते आणि बरीच स्वस्त असते. अटी मात्र कडक असतात. रोजच्या वापराला घरात दुसरी गाडी हवी, ही गाडी गॅरेजमध्ये हवी, आणि वापर सहली, मेळावे, कधीतरी फेरफटका एवढाच. मी विचारलं, मुलांना शाळेत सोडायला ही गाडी जाणार का? गृहस्थ म्हणाले, "कधीकधी." पत्नी म्हणाल्या, "रोज." मग ही पॉलिसीही बाद. मला ती देता आली असती आणि त्यांना आनंदही झाला असता, पण पहिल्याच क्लेमला कंपनीनं विचारलं असतं की मंगळवारी सकाळी साडेआठला ही गाडी शाळेसमोर काय करत होती.

तिसरा पर्याय फॅसिलिटी असोसिएशन. ज्यांना कोणीच घेत नाही त्यांच्यासाठी इन्शुरन्स उद्योगानं चालवलेली ही शेवटची सोय आहे. तिथून नकार येत नाही, पण दर चढा असतो. आमचा अंदाज फक्त डेलिकासाठी ५,००० डॉलरच्या वर गेला.

चौथा, आयात गाड्या घेणारी एखादी कंपनी शोधणं. अशा कंपन्या थोड्या आहेत आणि त्या सहसा ब्रोकरमार्फतच काम करतात. एका कंपनीनं पूर्ण संरक्षणासाठी ४,१०० डॉलर सांगितले. तिच्या अटींत एक गोष्ट लक्षात आली: घरातल्या सगळ्या गाड्या आणि जमल्यास घराची पॉलिसीही तिच्याकडे आणली, तर उजव्या स्टिअरिंगची गाडी ती बऱ्या दरानं घेत होती. कारण साधं आहे. नेहमीची दुसरी गाडी घरात असेल तर डेलिका कमी धावते, आणि कंपनीला नफ्याचा धंदाही सोबत मिळतो.

गाडी परत विकून टाकणं हा पाचवा पर्याय मी मुद्दाम टेबलावर ठेवला. कोणाला आवडला नाही, पण त्यामुळे आकडेमोड प्रामाणिक झाली. लगेच विकली तर दोन-अडीच हजारांचा तोटा होता. वर्षाला २,००० जास्त प्रीमियम भरायचा असेल तर दोन वर्षांत तो तोटा मागे पडतो. गृहस्थ बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "डेलिकाचा प्रीमियम अडीच हजारांच्या वर जाणार नसेल तर ठेवतो. गेला तर विकतो." अशी रेषा आधी आखलेली असणं माझ्या कामात फार क्वचित भेटतं.

काय केलं

पहिलं काम कागद गोळा करण्याचं. जपानचं निर्यात प्रमाणपत्र, त्याचं इंग्रजी भाषांतर, लिलावाची प्रत. लिलावाच्या कागदावर गाडीला श्रेणी दिलेली असते आणि कुठे गंज, कुठे ओरखडा हे चित्रावर खुणांनी दाखवलेलं असतं. इथल्या किती मालकांच्या हाती हा कागद असूनही तो कोणी कंपनीला दाखवत नाही, याचं मला वाईट वाटतं. आम्ही दाखवला.

दुसरं काम सुरक्षा प्रमाणपत्राचं. ते प्लेटसाठी लागतंच, पण त्यातली एक गोष्ट कंपनीसाठीही मोलाची ठरली. जपानी गाडीच्या हेडलाइटचा झोत डावीकडे वर उचललेला असतो, कारण तिथे फुटपाथ डावीकडे आहे. इथे तोच झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. ही व्हॅन युरोपात डाव्या स्टिअरिंगसह विकली गेली होती, त्यामुळे उजव्या बाजूच्या वाहतुकीचे हेडलाइट मिळू शकले. ते बसवले आणि बिल फाइलला जोडलं. समोरच्या काचेच्या डाव्या टोकाला छोटा कॅमेरा आणि डॅशबोर्डवर त्याची स्क्रीन बसवली, म्हणजे ओलांडताना पुढचं दिसतं. कॅमेऱ्यासाठी कंपनीनं वेगळी सूट दिली नाही. तरी मी तो बसवायला सांगितला, आणि पुन्हा सांगेन.

तिसरं, मूल्यांकन. स्वतंत्र मूल्यांकन करणाऱ्याकडून १४,५०० डॉलरचा लेखी अहवाल घेतला. नेहमीच्या पॉलिसीत गाडी निकामी झाली तर त्या दिवशीची बाजारभावानं किंमत मिळते. बाजारच नसलेल्या गाडीचा भाव कोण ठरवणार? क्लेमच्या वेळी तुम्ही १५,००० म्हणता, कंपनीचा अ‍ॅडजस्टर, म्हणजे नुकसान मोजणारा माणूस, २८ वर्षं जुनी व्हॅन म्हणून ४,००० म्हणतो, आणि वाद सुरू होतो. यासाठी ऑन्टारिओत ओपीसीएफ १९ए नावाचं जोडपत्र आहे. त्यात गाडीची किंमत पॉलिसी घेतानाच दोघांच्या संमतीनं ठरते. कंपनीनं अहवाल पाहून ते द्यायला होकार दिला.

मग आली काटछाट. आकडा खाली आणायला गृहस्थांना डीसीपीडी (डायरेक्ट कॉम्पेन्सेशन - प्रॉपर्टी डॅमेज) नावाचं संरक्षण सोडायचं होतं. १ जानेवारी २०२४ पासून ऑन्टारिओत ते सोडता येतं. हा भाग नीट समजून न घेता सोडणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून सविस्तर सांगते. ऑन्टारिओत दुसऱ्याच्या चुकीनं तुमच्या गाडीचं नुकसान झालं तर तुम्ही त्याच्यावर नुकसानीचा दावा लावू शकत नाही. तुमचीच कंपनी तुम्हाला डीसीपीडीखाली पैसे देते. ते सोडलं की चूक शंभर टक्के समोरच्याची असली तरी दुरुस्ती तुमच्या खिशातून होते. वाचणारी रक्कम वर्षाला ३०० डॉलरच्या आसपास होती. मी स्पष्ट शब्दांत नको म्हणाले.

त्याऐवजी कोलिजनचं डिडक्टिबल १,००० वरून २,५०० केलं. म्हणजे स्वतःच्या चुकीनं गाडी ठोकली तर पहिले अडीच हजार त्यांचे. चोरी, आग, गारा, काच यासाठीचं कॉम्प्रिहेन्सिव्ह तसंच ठेवलं. थर्ड पार्टी २० लाखांची घेतली आणि कौटुंबिक संरक्षणाचं ४४आर जोडपत्रही, म्हणजे चूक करणाऱ्याचा इन्शुरन्स अपुरा पडला तर आपल्या घरच्यांच्या इजेची भरपाई मिळते. ही दोन्ही थोडक्या पैशांत येतात, आणि या गाडीचा खरा धोका तिथेच आहे. हिवाळी टायरची सूट मागून घेतली. ऑन्टारिओत २०१६ पासून प्रत्येक कंपनीला ती द्यावी लागते, पण न मागणाऱ्याला ती लागू झालेली दिसेलच असं नाही. जुनी मिनीव्हॅन आणि घर त्याच कंपनीत हलवलं. पत्नी मुख्यतः मिनीव्हॅन चालवणार, डेलिकाचे मुख्य चालक गृहस्थ, आणि शाळेची ने-आण मिनीव्हॅननं होणार, असं ठरलं आणि तसंच अर्जात लिहिलं.

शाळेचं ठरण्यामागे आणखी एक कारण होतं आणि ते पत्नीच्या लक्षात आलं, माझ्या नाही. डेलिकाचा सरकता दरवाजा फक्त डावीकडे आहे. जपानमध्ये तो फुटपाथकडे उघडतो. इथे तो रहदारीत उघडतो, आणि मुलं आधी तिथूनच उडी मारतात.

डेलिकाचा अखेरचा आकडा २,४०० डॉलर आला. गृहस्थांच्या रेषेच्या जेमतेम आत.

पुढे काय झालं

पहिल्या हिवाळ्यात, एका दुकानाच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या डेलिकाच्या डाव्या कुशीत मागे येणारी एक पिकअप घुसली. आत कोणी नव्हतं. पिकअपच्या चालकानं चूक मान्य केली.

ऑन्टारिओत चूक कोणाची हे फॉल्ट डिटरमिनेशन नियमांनी ठरतं. हे नियम आखीव आहेत: कोणती गाडी कुठून कुठे जात होती यावर टक्केवारी लागते. हवामान, रस्त्याची अवस्था, दृश्यमानता यांचा विचार त्यात होत नाही. उभ्या गाडीला धक्का, म्हणून डेलिकाची चूक शून्य. स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे हे कोणी विचारलंही नाही. हाच नियम उलटही लागतो हे मी तेव्हा गृहस्थांना सांगितलं. डावीकडे वळताना समोरून येणाऱ्याच्या वाटेत गेलात तर चूक पूर्ण तुमची, आणि 'मी उजवीकडे बसतो, मला दिसलं नाही' हे म्हणणं ऐकून घ्यायला त्या नियमांत जागा नाही. त्या एका वळणाचा भार पुढची काही वर्षं प्रीमियमवर राहतो.

डीसीपीडी ठेवल्यामुळे डिडक्टिबलशिवाय क्लेम उभा राहिला. अडचण दुरुस्तीची होती. सरकता दरवाजा आणि त्याखालची पट्टी इथल्या एकाही पुरवठादाराकडे नव्हती. अ‍ॅडजस्टरच्या सिस्टिममध्ये ही गाडीच नसल्यामुळे त्याचा पहिला कल गाडी निकामी ठरवण्याकडे गेला. तेव्हा मूल्यांकनाचा अहवाल, लिलावाचा कागद आणि हेडलाइटचं बिल असलेली फाइल कामी आली. गाडीची किंमत दुरुस्तीच्या खर्चापेक्षा बरीच जास्त आहे हे कागदावर दिसत होतं. शेवटी ब्रिटिश कोलंबियात मोडीत काढलेल्या एका डेलिकाचा दरवाजा मिळाला. रंग जुळवून गाडी परत यायला दोन महिन्यांच्या वर गेले.

भाड्याच्या गाडीचा खर्चही डीसीपीडीतून निघतो, पण कंपनी तो 'वाजवी' काळापुरताच देते, आणि दरवाजा देशाच्या दुसऱ्या टोकाहून येईपर्यंतचा काळ वाजवी आहे का यावर बरेच फोन झाले. काही आठवडे कंपनीनं दिले, उरलेले दिवस घरानं मिनीव्हॅनवर काढले. दुसरी गाडी नसती तर हा खर्च प्रीमियममधल्या सगळ्या बचतीवर पाणी फिरवून गेला असता.

नूतनीकरणाच्या वेळी प्रीमियम फारसा हलला नाही, कारण चूक आपली नव्हती. कंपनीनं नवं मूल्यांकन मात्र मागितलं. ठरलेली किंमत आपोआप पुढे चालत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पैसे भरण्याआधी चासी नंबर घेऊन ब्रोकरकडे जाणं, हे उघडच आहे. व्यापारी तो नंबर लिलावाच्या आधीही देतात. इन्शुरन्सचा कोट मिळाल्याशिवाय अनामत देणार नाही असं म्हटलं तर चांगला व्यापारी नाही म्हणत नाही. त्या एका आठवड्याच्या घाईत मॉन्टेरोचा सल्ला गोड वाटला होता; वेळ असता तर तो विचारातही आला नसता असं मला वाटतं.

मॉडेलची निवड हा दुसरा मुद्दा. याच पैशांत इथे विकल्या गेलेल्या गाडीचीच जपानी आवृत्ती मिळू शकते, जिचं इंजिन, काचा, सस्पेन्शन इथल्या दुकानात सापडतं. इथल्या भावंडाचा क्लेमचा इतिहास असेल तर काही कंपन्या त्यावरून अंदाज बांधतात. डेलिकासाठी असं भावंड नाही. गृहस्थांना डेलिकाच हवी होती, तो त्यांचा हक्क, पण निवड करताना हा फरक त्यांना माहीत नव्हता.

डिडक्टिबल २,५०० करण्याबद्दल मी आजही द्विधा आहे. नव्यानं उजवीकडे बसून चालवणाऱ्याला पहिल्या वर्षी स्वतःच्या चुकीनं छोटी ठोकर लागण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पहिलं वर्ष १,००० ठेवून दुसऱ्या वर्षी वाढवणं अधिक शहाणपणाचं ठरलं असतं, पण मग आकडा त्यांच्या रेषेच्या थोडा वर गेला असता आणि गाडी विकावी लागली असती. त्यांनी जोखीम समजून घेऊन सही केली.

सुटे भाग आधीच घेऊन ठेवणं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. समोरची काच, दोन्ही बाजूंचे आरसे, एक हेडलाइट, एवढं तरी गाडीबरोबरच त्याच कंटेनरमधून मागवता येतं. जहाजात जागा असतेच. त्यांच्या ओळखीतलं आणखी एक कुटुंब आता अशीच व्हॅन मागवतं आहे. त्यांनी माझ्याकडून कोट आधी घेतला, आणि मागणीच्या यादीत डावा सरकता दरवाजा लिहिला.